फळाचे कूळ विचारावे

डाळिंबाची नवी बाग लावायची ठरली की उमरगा तालुक्यातला शेतकरी तीन गोष्टी विचारतो: दाण्याचा रंग कसा, बाजारात भाव काय आणि रोप कितीला. या झाडाचे आईबाप कोण, हा प्रश्न कुणी विचारत नाही. फळ गोड आहे, दाणा लाल आहे, बी मऊ आहे. मग कूळ घेऊन काय करायचे, अशी सर्वांची समजूत. ही समजूत फक्त शेतकऱ्याची नाही. कृषी पदवीधर, रोपवाटिकावाले, निर्यातदार, शेतीवर लिहिणारे पत्रकार असे सगळे तिच्यात सामील आहेत. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात, ते नद्यांपुरते आणि ऋषींपुरते ठीक असेल. फळझाडाच्या बाबतीत ही समजूत उथळ आहे आणि तिची किंमत शेवटी बागायतदारच मोजतो.

माझे म्हणणे असे. फळपिकातली विविधता नावांवरून मोजता येत नाही, ती वंशावरून मोजावी लागते. ज्या फळाची वंशावळ जनुकांच्या पातळीवर ठाऊक नाही, त्याची पुढची जात घडवणे म्हणजे नशिबावर हवाला ठेवणे. डीएनए तपासणीकडे आपण केवळ भेसळ पकडण्याचे साधन म्हणून पाहतो, आणि त्यामुळे तिचे मोठे काम नजरेआड होते. ते काम आहे पुढच्या पिढीचे आईबाप निवडण्याचे. हे डाळिंबाच्या उदाहरणाने टप्प्याटप्प्याने मांडतो. उमरग्यापासून शंभरेक किलोमीटरवर सोलापूरला या फळाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि आपल्या भागात या फळाने पैसाही दिला आणि घरेही बुडवली.

१. एकाच घरातल्या जाती

महाराष्ट्राच्या डाळिंबाची आधुनिक वंशावळ पुण्यात सुरू होते. गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी 1936 साली आळंदी या स्थानिक वाणाच्या रोपांमधून एक झाड निवडले. जीबीजी-1 या नावाने ते ओळखले जाई. 1970 मध्ये त्याचे नाव ‘गणेश’ झाले. मऊ बी, गोड रस आणि भरपूर उत्पादन यांमुळे गणेश राज्यभर पसरला. त्याचा दाणा फिकट गुलाबी होता, एवढीच उणीव. ती भरून काढण्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गणेशचा संकर ‘गुल-ए-शाह रेड’ या परदेशी वाणाशी झाला. तो वाण गडद लाल, पण आंबट आणि टणक बियांचा. या एकाच संकरातून मृदुला, आरक्ता आणि भगवा निघाले. जी-137 ही गणेशमधूनच केलेली निवड. फुले भगवा सुपर ही भगव्यातून केलेली निवड.

म्हणजे गेल्या पाऊणशे वर्षांत आपण ज्या जाती एकामागून एक ‘नवीन’ म्हणून लावल्या, त्या सगळ्या गणेशच्या घरातल्या. त्यावर आणखी एक थर बाजाराने चढवला. भगवा कुठे शेंद्री म्हणून विकला गेला, कुठे अष्टगंधा, कुठे मस्तानी, कुठे जय महाराष्ट्र, तर कुठे रेड डायना. शेजारच्याची बाग रोगाने बसली म्हणून दुसऱ्या नावाचे रोप आणणाऱ्याने प्रत्यक्षात तेच झाड पुन्हा लावलेले असू शकते.

द्राक्षाची स्थिती वेगळी नाही. तास-ए-गणेश हा थॉमसन सीडलेसच्या वेलावर आपोआप झालेल्या बदलातून तासगाव भागात निवडलेला वाण. सोनाका आणि माणिक चमन हेही थॉमसनमधूनच आले. नान्नजच्या नानासाहेब काळे यांची नजर विलक्षण होती. सोनाका त्यांनी निवडला, आणि शरद सीडलेसही त्यांचाच, किशमिश चोर्नीमधून निघालेला. या निवडींमुळे मण्याची लांबी बदलली, रंग बदलला, पेटीला भाव आला. पण सोनाका आणि तास-ए-गणेश यांचा जनुकसंच जवळपास एकच आहे. केवडा आणि भुरी यांना बळी पडण्याचा वारसाही त्यांना एकाच घरातून मिळालेला आहे.

२. कलम आणि जिवाणू

ज्वारी, तूर, सोयाबीन बियांपासून येतात. डाळिंब गुटी कलमाने येते. गुटी म्हणजे मातृवृक्षाच्या फांदीला मुळे फोडून वेगळे केलेले तेच झाड. भगव्याच्या हजार झाडांची बाग जनुकांच्या हिशेबात एका झाडाची बाग आहे. बागायतदाराला हेच हवे असते, कारण सगळी फळे सारखी येतात आणि निर्यातीचा माल एकसारखा भरतो. यात त्याची काही चूक नाही.

पण हाच एकसारखेपणा रोगाच्याही कामी येतो. तेल्या रोगाचा जिवाणू, झांथोमोनास, भारतात 1952 मध्ये नोंदवला गेला. तेव्हा तो फारसा गाजला नाही. या शतकाच्या सुरुवातीला भगव्याच्या बागा सोलापूर, सांगली, नाशिक आणि कर्नाटकाच्या उत्तर भागात सलग पसरल्या, आणि तेल्याने त्या पट्ट्यात हाहाकार केला. पानावर तेलकट ठिपका, मग फांदीवर काळा चट्टा, मग फळाला तडा. रोगट गुट्यांतून तो गावोगाव गेला आणि पावसाच्या थेंबांनी झाडाझाडांवर उडाला. एक कुलूप उघडणारी किल्ली त्याला मिळाली होती, आणि आपण सगळ्या दारांना तेच कुलूप लावले होते.

आजही लागवडीतली एकही प्रमुख जात तेल्याला पूर्ण दाद न देणारी नाही. गणेश, मृदुला, आरक्ता, भगवा यांत प्रतिकार सापडत नाही. प्रतिकाराचे जनुक आळंदीच्या त्या एका रोपात आणि गुल-ए-शाहमध्ये नसेल, तर त्यांच्या लेकरांत ते येणार कुठून? भगव्याचा संकर मृदुलाशी करून रोगप्रतिकारक जात मिळेल अशी आशा धरणे म्हणजे एकाच घरातल्या भावंडांमध्ये नसलेला गुण शोधत बसणे. वंशावळ समोर मांडली की हे पाच मिनिटांत कळते. ती माहीत नसेल, तर कळायला पंधरा वर्षे आणि काही एकर जमीन लागते.

३. नोंदवहीतले आईबाप आणि खरे आईबाप

कुणी म्हणेल, वंशावळ तर संशोधन केंद्रांच्या नोंदवहीत असतेच, डीएनए कशाला? दोन कारणांसाठी.

पहिले, नोंदवही चुकते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने 1960 मध्ये केलेल्या संकरातून ‘हनीक्रिस्प’ हे सफरचंद आले आणि 1991 मध्ये ते प्रसारित झाले. मॅकाउन आणि हनीगोल्ड हे त्याचे आईबाप म्हणून नोंदले होते. डीएनए तपासल्यावर दोघेही त्याचे पालक नसल्याचे दिसले. एक पालक ‘कीपसेक’ निघाला. दुसऱ्याचा उलगडा 2017 मध्ये झाला: एमएन-1627, म्हणजे केवळ क्रमांक असलेले, प्रसारितही न झालेले एक झाड. जगातल्या अत्यंत काटेकोर केंद्रांपैकी एकात हे घडले. परागकण वाऱ्याने किंवा माशीने जातो, रोपाची चिठ्ठी पावसात पुसते, माळी बदलतो. ही माणसाच्या कामातली नेहमीची गळती आहे, तिचा कुणावर आरोप करण्याचे कारण नाही. पण चुकीच्या आईबापांवर विसंबून पुढचा संकर केला, तर ती चूक पिढ्यान् पिढ्या वाढत जाते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. नोंदवही खरी असली तरी ती फक्त सरासरी सांगते. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची ‘सोलापूर लाल’ ही जात 2017 मध्ये आली. तिचा संकर असा: गणेश आणि ‘नाना’ या शोभेच्या बुटक्या डाळिंबाचा संकर, त्याचा पुन्हा हिमालयातल्या रानटी ‘दारू’ डाळिंबाशी संकर, आणि त्या संततीचा भगव्याशी संकर. हिशेब मांडू. भगव्याचा वाटा निम्मा, दारूचा पाव, गणेश आणि नाना यांचा प्रत्येकी अष्टमांश. पण भगवा स्वतः अर्धा गणेश, अर्धा गुल-ए-शाह. तेव्हा सगळे मिळून गणेश तीन अष्टमांश, गुल-ए-शाह पाव, दारू पाव आणि नाना एक अष्टमांश.

हा हिशेब सुंदर आहे, आणि अपुरा आहे. प्रत्यक्ष झाडात दारूचा पाव वाटा येईलच असे नाही. तो कमी असेल किंवा जास्तही असेल. त्याहून महत्त्वाचे, डाळिंबाच्या आठ गुणसूत्र जोड्यांपैकी कोणत्या जोडीवर, कोणत्या तुकड्यात दारू बसला आहे, हे नोंदवही कधीच सांगू शकत नाही. सोलापूर लालच्या 100 ग्रॅम ताज्या फळात 5.6 ते 6.1 मिलिग्रॅम लोह असते. जुन्या प्रचलित जातींत ते 2.7 ते 3.2 असते. हे लोह कोणत्या पूर्वजाच्या कोणत्या तुकड्यातून आले, हे कळले तर तेवढाच तुकडा पुढच्या जातीत नेता येईल. वाटा किती, यापेक्षा वाटा कुठे, हा पैदासकाराचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर फक्त डीएनए देतो. डाळिंबाचा संपूर्ण जनुकसंच 2017 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला, म्हणजे नकाशा आता जगापुढे आहे.

४. जमिनीचा आणि वर्षांचा हिशेब

समजा, हवे असलेले तीन गुण तीन वेगवेगळ्या अप्रभावी जनुकांवर अवलंबून आहेत. दुसऱ्या पिढीत तिन्ही एका झाडात एकत्र येण्याची शक्यता चौसष्टात एक. हजार रोपे वाढवली तर त्यांत हवी तशी साधारण सोळा. डाळिंबाचे शिफारस केलेले अंतर साडेचार बाय तीन मीटर. हजार झाडांना सव्वातीन एकरांहून अधिक जमीन लागते. फळ धरायला दोन-तीन वर्षे, आणि एका बहारावर निर्णय देता येत नाही म्हणून पुढे आणखी काही वर्षे. तोवर पाणी, मजुरी, फवारणी सगळे हजार झाडांना. तेच त्या जनुकांच्या डीएनएतल्या खुणा, म्हणजे मार्कर, ठाऊक असतील तर रोप पिशवीत असतानाच पानाचा तुकडा तपासता येतो, आणि ती सोळा रोपे सव्वादोन गुंठ्यांत मावतात. दुष्काळी मराठवाड्यातल्या एखाद्या प्रक्षेत्रावर हे काम करायचे असेल, तर हा फरक काम होण्याचा आणि न होण्याचा आहे.

रानटी पूर्वज वापरायचा असेल तर ही गरज आणखी वाढते. चांगल्या जनुकाच्या शेजारी बसलेले आंबटपणाचे, टणक बियांचे, लहान दाण्याचे जनुकही त्याच्याबरोबर येतात. सफरचंदाच्या खपली रोगाची कथा इथे बोलकी आहे. मॅलस फ्लोरिबुंडा या रानटी, बोरापेक्षा फारसे मोठे फळ नसलेल्या झाडाशी इलिनॉयमध्ये 1914 साली संकर झाला. त्याची रोगप्रतिकारक शक्ती खाण्याजोग्या फळात आणून ‘प्रायमा’ ही जात प्रसारित व्हायला 1970 उजाडले. छप्पन्न वर्षे, कारण नको असलेला वारसा झटकायला प्रत्येक पिढी फळापर्यंत वाढवून चाखून पाहावी लागली. आणि पुढे त्या एका जनुकाला चुकवणारे बुरशीचे प्रकार युरोपात दिसले. म्हणून एका पूर्वजाचे एक जनुक आणून थांबता येत नाही. वेगवेगळ्या घरांतून आलेली प्रतिकाराची जनुके एकत्र बांधावी लागतात. नुसत्या डोळ्यांनी ती मोजता येत नाहीत, कारण एक जनुक असलेले झाड आणि तीन असलेले झाड शेतात सारखेच निरोगी दिसते.

५. हलके समजलेले पूर्वज

वंशावळीचा आग्रह म्हणजे घराण्याचा अभिमान, असे कुणाला वाटेल. खरे तर वंशावळींनी तो अभिमान पार मोडून काढला आहे. शार्डने या जगप्रसिद्ध द्राक्षाचे एक पालक पीनो. दुसरे, 1999 मध्ये डीएनएने दाखवल्याप्रमाणे, ‘गुए ब्लाँ’. म्हणजे फ्रान्समधल्या गरीब शेतकऱ्यांचे, हलके म्हणून हिणवलेले द्राक्ष. पुण्याहून 1889 मध्ये मलगोबा आंब्याची कलमे अमेरिकेत गेली. त्यांच्या बियांपासून फ्लोरिडात ‘हेडन’ आला आणि हेडनच्या बियांपासून आज परदेशी बाजारांत सर्वत्र दिसणारा ‘टॉमी अ‍ॅटकिन्स’. हेडनची आई मलगोबा, हे सर्वांना ठाऊक होते. बाप कोण ते मार्करांनी सांगितले: टर्पेंटाइन, धागेदार, केवळ खुंटापुरता वापरला जाणारा आंबा.

आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एआरआय-516 हे द्राक्ष केले. त्याचा एक पालक ‘कॅटॉबा’, अमेरिकी लॅब्रुस्का प्रजातीतला, आणि दुसरा ‘ब्युटी सीडलेस’. बुरशीला दाद न देण्याचा गुण त्याला त्या परक्या प्रजातीकडून मिळाला. दारू डाळिंब बाजारात अनारदाण्यापलीकडे किंमत नसलेले, नाना कुंडीत लावायचे. तेल्याविरुद्धच्या कामात संशोधकांना त्यांच्याकडेच वळावे लागले. उपयोगाचे पूर्वज कोणते, हे आजच्या बाजारभावावरून ठरवता येत नाही.

६. आक्षेप

पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप: चीमांकडे कुठे डीएनए होता? नजरेने निवड करूनच गणेश मिळाला. हे खरे आहे आणि त्या नजरेला माझा नमस्कार आहे. पण चीमा ज्या रोपांमधून निवड करत होते ती बियांपासून उगवलेली, एकमेकांहून भिन्न रोपे होती. त्यांच्या यशानंतर राज्यभर गणेशच्या गुट्या गेल्या आणि आळंदी, मस्कत अशा जुन्या वाणांची ती सरमिसळ शेतांतून हटत गेली. नजरेच्या प्रत्येक यशाने पुढच्या नजरेला दिसणारे वैविध्य कमी केले. आजच्या पैदासकाराने चीमांसारखे शेतात फिरायचे म्हटले तर त्याला सगळीकडे भगवाच दिसेल.

दुसरा: तेल्या हा व्यवस्थापनाचा प्रश्न आहे. मृग बहार टाळून हस्त बहार धरा, झाडाला विश्रांती द्या, छाटणीनंतर बोर्डो मिश्रण मारा, रोगमुक्त गुटी आणा, बाग सांभाळता येते. हा सल्ला योग्य आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण त्याचा खर्च दर बहाराला येतो, आणि तो पेलण्याची ताकद दोन एकरवाल्याकडे नसते. फवारणी सावकाराच्या पैशाने करावी लागते. झाडाच्या अंगातला प्रतिकार एकदा आला की फुकट राहतो.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे: जनुकांची भाषा आली की मागोमाग बीटी येते, कंपनी येते. इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. वंशावळ वाचणे म्हणजे जनुक घुसवणे नव्हे. झाडाचा संकर पूर्वीसारखाच, फुलावर परागकण टाकून होतो. फक्त कोणत्या फुलावर कोणता पराग, आणि कोणते रोप ठेवायचे, हे जाणून ठरते. मालकीची भीती मात्र रास्त आहे. तिच्यावरचा उपाय माहिती नाकारण्यात नाही, ती सार्वजनिक ठेवण्यात आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 याने नव्या वाणाची नोंदणी करताना त्याचा वंश जाहीर करण्याचे बंधन घातले आहे आणि शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणाचा वापर झाला तर त्यांचा वाटाही मान्य केला आहे. पण वाटा मागायला आपल्या झाडाचा वंश त्या वाणात आहे, हे सिद्ध करावे लागते. डीएनएची सार्वजनिक नोंद नसेल तर शेतकऱ्याच्या हाती पुरावाच नाही. कंपन्यांकडे त्यांच्या नोंदी आहेत. अंधारात कोण राहील, ते उघड आहे.

खर्चाचा आक्षेप मी थोडक्यात सोडतो. एका बुडालेल्या बहारात एका तालुक्याचे जेवढे नुकसान होते, त्यापुढे काहीशे झाडांची तपासणी ही किरकोळ बाब आहे.

७. उमरग्यात काय करता येईल

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर तेव्हाच्या उमरगा तालुक्यातले सास्तूर आणि भोवतालची गावे जुन्या जागा सोडून नव्या ठिकाणी वसली. जुन्या गावठाणांतल्या वाड्यांच्या परसात डाळिंब, सीताफळ, लिंबू असायचे, बियांपासून उगवलेले, कुणी जात न विचारता जपलेले. माणसे गाडली गेली असताना झाडांची नोंद करण्याचा विचार कुणाच्या मनात येणे शक्यच नव्हते. पण आज तीस वर्षांनंतर, जुन्या गावठाणांत, विहिरींच्या कडेला, बांधांवर जी गावरान झाडे उरली आहेत, त्यांची नोंद न करण्याला काही कारण नाही. त्यांतली बरीचशी आंबट, टणक बियांची असतील. त्यातल्या एखाद्यात आपल्याला हवे ते जनुक असेल की नसेल, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. मात्र झाड तुटल्यावर तपासायलाही काही उरत नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. सोलापूरच्या केंद्राने आणि राहुरी, परभणीच्या विद्यापीठांनी प्रत्येक प्रसारित फळजातीची डीएनएने पडताळलेली वंशावळ मराठीत, सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. परवानाधारक रोपवाटिकेने प्रत्येक गुटीच्या चिठ्ठीवर मातृवृक्ष आणि वंश छापावा. एकाच झाडाला पाच नावे देऊन विकणे त्याने थांबेल. आणि तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राने उमरगा, लोहारा, तुळजापूर तालुक्यांतल्या गावरान डाळिंबांची गणना करून त्यांच्या गुट्या एका ठिकाणी लावाव्यात.

पहिल्या दोन मागण्यांसाठी सरकारकडे जावे लागेल. तिसरीची सुरुवात वाचकच करू शकतो. घरामागे, जुन्या वाड्यात किंवा बांधावर बियांपासून उगवलेले जुने डाळिंब असेल, तर या पावसाळ्यात त्याची एक गुटी बांधा, झाड कुणी कधी लावले ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा, आणि ती नोंद कृषी विज्ञान केंद्रात नेऊन द्या. आणि पुढच्या वेळी रोप घ्यायला गेलात की भाव विचारण्याआधी त्याचे आईबाप विचारा.